पोरगी घरात वेगळी, मैत्रिणींत वेगळी, मग खरी कोणती?

या महिन्याची पत्रं आणि मेल काढून बसले तेव्हा जाणवलं की लिहिणारे वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या वयाचे असले तरी बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून तिथेच येतोय, की माणूस 'मी असा आहे' किंवा 'मी अशी आहे' हे नक्की कधी आणि कसं ठरवतो. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत आणि पाच पत्रं घेतलीत. काहींना मोठं उत्तर दिलंय, काहींना छोटं.

पत्र पहिलं

ताई, माझी मुलगी नववीत आहे. घरी आमच्याशी धड बोलत नाही, काही विचारलं की 'हं' नाहीतर 'काही नाही'. वर्गशिक्षिका म्हणतात ती वर्गात अगदी शांत, शहाणी. मैत्रिणींत मात्र हिचाच आवाज सगळ्यात मोठा. इन्स्टावर तिची दोन अकाउंट आहेत हे मला आत्ता आत्ता कळलं आणि त्यातल्या एकावरची मुलगी तर मला ओळखूच आली नाही. परवा रडत रडत म्हणाली, 'मम्मी, मी नक्की कशीये तेच मला कळत नाही, सगळं खोटं खोटं वाटतं.' ती नाटक करतीये का? की हा काही आजार आहे?
– एक आई, नाशिक

पहिली गोष्ट म्हणजे ते रडत बोललेलं वाक्य तिने तुमच्याजवळ येऊन बोललंय. तुमच्या पत्रात सगळीकडे 'माझं काय चुकलं' असा सूर आहे म्हणून हे आधी सांगते, पोरगी अजून तुमच्याकडे येतीये.

नाटक म्हणाल तर नाही. सुझन हार्टर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी वर्षानुवर्षं हाच अभ्यास केला की मुलं स्वतःचं वर्णन कसं करतात. तीन-चार वर्षांच्या पोराला विचारा तू कसा आहेस, तो सांगणार माझ्याकडे लाल सायकल आहे, मी सगळ्यात जोरात पळतो, मला शंभरपर्यंत येतं (येत नसतं, पण त्याला अगदी मनापासून वाटतं की येतं). आठ-नऊ वर्षांचा झाला की तुलना चालू होते, गणितात मी हिच्यापेक्षा बरा, खो-खोत त्याच्यापेक्षा कच्चा. आणि बारा-तेराच्या पुढे स्वभावाचे शब्द येतात, लाजाळू, चिडकी, मनमोकळी, आणि गंमत म्हणजे ते समोर कोण आहे त्याप्रमाणे बदलायला लागतात.

हार्टरबाईंनी १९९२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर सातवी, नववी आणि अकरावीच्या वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास छापला. मुलांना विचारलं की आईबाबांबरोबर तू कसा असतोस, मित्रांबरोबर कसा, वर्गात कसा, जी व्यक्ती आवडते तिच्यासमोर कसा. मग ते सगळे शब्द एकात एक काढलेल्या वर्तुळांवर मांडायचे, जे सगळ्यात महत्त्वाचं ते मध्यभागी, आणि त्यातले कुठले शब्द एकमेकांच्या उलट आहेत, कुठले तुझ्या आत एकमेकांशी भांडतात ते दाखवायचं. सातवीच्या मुलांना ही भांडणं फारशी दिसलीच नाहीत, मैत्रिणींत बडबडी आणि घरी घुमी, बरं मग? नववीच्या मुलांमध्ये भांडणं सगळ्यात जास्त निघाली, त्यातही मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त, आणि अकरावीपर्यंत ती कमी झालेली होती. तुमची मुलगी नववीत आहे, बघा.

असं का होतं तर या वयात डोक्याला एक नवीन ताकद येते. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलं होतं की साधारण अकरा-बारापासून मूल हाताला लागणाऱ्या गोष्टींच्या पलीकडचा, नुसत्या कल्पनांचा विचार करायला लागतं. ती ताकद मुलं सगळ्यात आधी स्वतःवरच वापरतात, त्यामुळे आपल्यातली विसंगती दिसायला लागते पण ती जुळवायची कशी हे अजून येत नसतं. आपण मोठी माणसं सहज म्हणतो की मी ऑफिसमध्ये कडक आणि घरी मऊ, जागा बदलली की माणूस बदलतोच. हे वाक्य तिच्याकडे अजून नाहीये. तिच्या हिशेबाने दोन वेगळ्या मुली म्हणजे त्यातली एक खोटी असणारच.

त्यात आणखी एक भर. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' अशी कल्पना मांडली, म्हणजे या वयात मुलांना सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. नाकावर एक पुटकुळी आली की शाळेला दांडी, ती याच्यामुळे. एल्काइंडच्या काळात हे प्रेक्षक मनातले होते हो, आता ते मोबाईलमध्ये खरेच बसलेत आणि प्रत्येक फोटोखाली त्यांचा आकडा पण दिसतो. मग मुलं दुसरं अकाउंट काढतात, जिथे फक्त जवळच्या चार मैत्रिणी असतात. मला विचाराल तर ते दुसरं अकाउंट बऱ्याचदा श्वास घ्यायची जागा असते. त्यावर अनोळखी माणसं आहेत का, कोणी त्रास देतंय का, एवढं तिच्याशी बोलून बघा, पण गुपचूप पासवर्ड काढून वाचत बसू नका, ती तुमच्याकडे यायची बंद होईल.

आता 'खोटं वाटतं' या शब्दाकडे जरा लक्ष द्या, कारण इथे फरक करावा लागतो. हार्टरबाईंनी हेही शोधलं की मुलं खोटा मुखवटा का लावतात. कोणी तो नुसतं करून बघण्यासाठी लावतं, आज अशी राहून बघू, उद्या तशी. कोणी दुसऱ्यांना खूश ठेवण्यासाठी लावतं. आणि कोणी यासाठी लावतं की खरी मी कोणालाच नको असेन अशी तिची खात्री असते. यातल्या पहिल्या मुलांचं बरं चाललेलं असतं आणि तिसऱ्यांचे सगळ्यात जास्त हाल असतात. ज्या घरात प्रेम अटीवर मिळतं, मार्क पडले तर शाबासकी आणि नाही पडले तर दोन दिवस अबोला, तिथल्या मुलांमध्ये हा मुखवटा जास्त दिसतो. तेव्हा तिला 'तू खोटी वागतेस' असं चुकूनही म्हणू नका. 'मैत्रिणींत तुला मोकळं वाटतं का गं? वर्गात गप्प का बसावंसं वाटतं?' असं विचारा आणि उत्तर आलं नाही तरी राहू दे, दोन दिवसांनी भाजी निवडताना ती आपणहून बोलेल.

आजाराचं विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. झोप आणि जेवण बिघडलं, मैत्रिणींनाही भेटेनाशी झाली, आधी आवडायचं त्यातलं काहीच नको वाटायला लागलं आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची किंवा जगायचं नाही अशी भाषा आली तर मात्र दोन आठवडे कसले, एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पत्र दुसरं

माझी नात वीस महिन्यांची आहे. आरशातल्या बाळाला पापी देते, त्याला बिस्कीट भरवते. शेजारच्या बाई म्हणाल्या, एव्हाना कळायला पाहिजे की ती स्वतःच आहे. काळजी करू का?
– आजी, चिपळूण

आजी, काळजी करू नका. तुमच्या शेजारीण बाईंनी बहुतेक ती कुंकवाची गोष्ट ऐकली असेल. १९७० च्या दशकात संशोधकांनी लहान मुलांच्या नाकाला नकळत लाल रंग लावून त्यांना आरशासमोर बसवलं होतं. मूल आरशाला हात लावतं की स्वतःच्या नाकाला, ते बघायचं. साधारण दीड ते दोन वर्षांत बरीच मुलं स्वतःच्या नाकाला हात लावतात, पण सगळी एका दिवशी नाही, कोणी आधी कोणी नंतर. शिवाय हाच प्रयोग नंतर केनियात केला तेव्हा तिथली कितीतरी मोठी मुलंसुद्धा नाकाला हात न लावता नुसती थिजून आरशाकडे बघत बसली. त्यांना स्वतःची ओळखच नाही असं काही नव्हतं, अशा वेळी काय करायचं याची सवय वेगळी. तेव्हा एका आरशावरून पोरीची परीक्षा नको.

तुम्ही एक करा, तिला रोज तिच्याच गोष्टी सांगा. 'काल आपण धक्क्यावर गेलो, तू कावळ्याला बघून काय केलंस?' अशा. कालच्या गोष्टी मुलांशी तपशिलात बोलणाऱ्या घरांमध्ये मुलांच्या आठवणी जास्त भरीव होतात हे रॉबिन फिवुश आणि इतर संशोधकांनी बरीच वर्षं दाखवलंय. न्यूझीलंडमध्ये तर असं आढळलं की माओरी लोकांची सगळ्यात जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि तिथल्याच युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या पुढची. माओरी घरांमध्ये गेलेल्या दिवसांना, पूर्वजांच्या गोष्टींना फार मान असतो, त्याच्याशी याचा संबंध असावा असं संशोधकांचं म्हणणं. पुढे जाऊन 'मी' म्हणजे कोण हे सांगायला हाच माल लागतो. हे काम आजीइतकं चांगलं कोण करणार?

पत्र तिसरं

माझं मेडिकलचं दुकान आहे. घरात एक तरी डॉक्टर व्हावा ही माझ्या वडिलांची इच्छा होती. मुलगा पाचवीपासून कोणी विचारलं की 'डॉक्टर होणार' म्हणायचा. दहावीला चांगले मार्क पडले, लातूरला क्लास लावला, रूम घेऊन दिली. आता बारावीत आहे. दिवाळीला घरी आला आणि म्हणाला, 'पप्पा मला नीट द्यायची नाहीये.' मग काय करायचंय विचारलं तर म्हणतो, 'माहीत नाही.' एवढा ध्येय असलेला मुलगा असा भरकटला कसा? त्याच्या डोक्यात कोणी काही भरवलं असेल का?
– एक वडील, परभणी जिल्हा

तुमचा खर्च, तुमच्या वडिलांची इच्छा, गावात आता काय सांगायचं, हे सगळं तुमच्या पत्रात आहे आणि मला ते कमी लेखायचं नाहीये. पण तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, 'पाचवीपासून डॉक्टर होणार म्हणायचा'. पाचवीतलं पोरगं दहा वर्षांचं असतं हो. ते ध्येय त्याचं होतं की त्याच्या आजोबांचं होतं आणि याने फक्त बोलून दाखवलं?

जेम्स मार्सिया म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९६६ साली ८६ कॉलेजकुमारांच्या मुलाखती घेतल्या, काम-धंदा, धर्म आणि राजकारण या विषयांवर. प्रत्येकाबाबत दोनच गोष्टी तपासल्या. याने स्वतः शोधाशोध केलीये का, वेगवेगळे पर्याय मनात घोळवलेत का, ही एक. आणि याने काही पक्कं ठरवलंय का, ही दुसरी. शोधलंही नाही आणि ठरवलंही नाही, 'चालेल काहीही' म्हणणारी मुलं एकीकडे. शोधून, धडपडून, मग ठरवलेली दुसरीकडे, त्यांची ओळख कमावलेली. शोध चालू आहे पण अजून ठरलेलं नाही अशी तिसरी. आणि चौथी म्हणजे न शोधताच ठरवून बसलेली, घरच्यांनी जे ताटात वाढलं ते घेतलेली. त्याला मी आयती ओळख म्हणते. बाहेरून बघणाऱ्याला कमावलेली आणि आयती यातला फरक कळतच नाही कारण दोघंही ठामपणे सांगतात मी डॉक्टर होणार, मी सीए होणार.

फरक कळला तो अडचण आल्यावर. मार्सियांनी या मुलांना ताण देऊन एक बुद्धीचं कोडं सोडवायला लावलं. ज्यांनी शोधून ठरवलं होतं त्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं. आयतीवाल्यांनी स्वतःसाठी अवास्तव मोठं टार्गेट ठेवलं आणि अपयश येत गेलं तरी ते टार्गेट काही खाली आणलं नाही. तसंच मोठ्यांनी सांगितलेलं मुकाट ऐकण्याकडे त्यांचा कल इतरांपेक्षा जास्त निघाला. मला हे वाचताना नेहमी रूमवर एकट्या राहणाऱ्या, प्रत्येक टेस्टला मार्क कमी पडत असताना 'पुढच्या वेळी साडेसहाशे' म्हणणाऱ्या पोरांचे चेहरे आठवतात. काळजाला लागतं ते.

म्हणजे तुमचा मुलगा भरकटलाय असं मला वाटत नाही, या चार गटांच्या चार खोल्या धरल्या तर तो चौथ्या खोलीतून तिसऱ्या खोलीत आलाय. आयत्यातून शोधात. हा प्रवास घरच्यांना मागे गेल्यासारखा दिसतो कारण काल उत्तर होतं आणि आज नाहीये, पण मार्सियांच्या हिशेबाने तो पुढेच सरकलाय. आणि डोक्यात भरवण्याचं म्हणाल तर, दादा, खरं सांगू का, भरवलं होतं ते आधी, आता तो रिकामं करून बघतोय.

या तिसऱ्या अवस्थेला मोरॅटोरियम म्हणतात आणि हा शब्द मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने या विषयात आणला. तुम्ही धंद्यातले आहात, तुम्हाला तो नवीन नसेल, कोरोनात रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना मोरॅटोरियम दिलं होतं. हप्ता माफ नव्हता झाला, पुढे ढकलला होता. एरिक्सनचं म्हणणं तेच, तरुण वयात समाजाने मुलाला थोडी मुदत द्यावी, मोठेपणाचे हप्ते लगेच मागू नयेत, त्या काळात त्याने करून बघावं, चुकावं, परत फिरावं. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की आठ दिवसांत सायन्स, कॉमर्स की आर्ट्स हे लिहून द्यायचं असतं आणि पंधरा वर्षांच्या पोराने तिथे जी खूण केली तिलाच आपण त्याचा स्वभाव समजतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि हे मी याआधीही लिहिलंय, पुन्हा लिहीन.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. घरच्यांनी सुचवलेलं सगळं वाईटच असतं असं कोणी म्हणू नये. मनोविश्लेषक सुधीर काकर, जे स्वतः एरिक्सनबरोबर काम करून आले होते, त्यांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलं की भारतीय माणसाचा 'मी' कुटुंबात खोल गुंतलेला असतो, त्याला अमेरिकन मापाने मोजून चालत नाही. आपल्याकडे कितीतरी लोक वडिलांच्या धंद्यात सुखाने राहतात. तुमचा मुलगाही कदाचित फिरून डॉक्टरकीवरच येईल, पण मग ती त्याची असेल.

आता काय करायचं ते. बारावीची परीक्षा त्याला देऊ दे, बायोलॉजी सोडायची घाई नको, कारण त्याच विषयांवर सीईटीतून फार्मसी आहे, ॲग्री आहे, बीएस्सीचे कितीतरी रस्ते आहेत. नीटचा फॉर्म भरायचा की नाही हे त्याला शेवटच्या तारखेपर्यंत मोकळं ठेवा. सुट्टीत त्याला चार माणसांकडे नेऊन बसवा, एखादे व्हेटर्नरी डॉक्टर, एखादे शिक्षक, तुमच्याकडे येणारे एमआर, कोणीही, आणि 'तुमचा दिवस कसा जातो' एवढंच त्याला विचारू द्या. शोध म्हणजे हा, खोलीत पडून विचार करणं नाही. कोएन लाइक्स म्हणून बेल्जियमचे संशोधक आहेत, त्यांनी शोधाचा एक वाईट प्रकारही दाखवलाय, ज्यात मूल त्याच त्याच विचारात गोल गोल फिरतं, निर्णयाच्या जवळच येत नाही आणि खचत जातं. तसं दिसलं, रात्र रात्र जागतोय, कोणाशी बोलत नाहीये, तर लातूरला एकटा ठेवू नका, घरी घेऊन या, आणि वर दिलेला नंबर तुम्हालाही लागू आहे.

आणि आजोबांची इच्छा त्याला सांगताना 'त्यांची इच्छा होती' एवढंच सांगा. त्याच्यापुढे 'म्हणून तू' लावू नका.

पत्र चौथं

मी टीईटीची तयारी करतीये. एरिक्सनने सांगितलेल्या माणसाच्या वाढीच्या आठ अवस्था पाठ आहेत, पण १२ ते १८ मध्ये 'ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ' हे वाचताना वाटतं, मी २४ वर्षांची आहे आणि माझा गोंधळ अजून चालूच आहे. मग हे सिद्धांत चुकीचे आहेत का?
– भावी शिक्षिका, जळगाव

परीक्षेत १२ ते १८ च लिही, मार्क जाऊ देऊ नकोस! पण तुझी शंका अगदी बरोबर आहे. जेन क्रोगर आणि स्वतः मार्सियांनी मिळून २०१० मध्ये जुने खूप सारे अभ्यास एकत्र करून बघितले तर तरुणपणी सुद्धा बऱ्याच जणांची ओळख 'कमावलेली' या खोलीत पोचलेली नव्हती. जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ हा वेगळाच टप्पा मानायला हवा असं मांडलं, कारण शिक्षण लांबलं, लग्नं लांबली. तू त्यातच आहेस. आणखी एक खोट म्हणजे मार्सियांच्या पहिल्या अभ्यासात ८६ च्या ८६ मुलगेच होते, मुलगी एकही नाही, आणि एरिक्सनच्या मांडणीतही पुरुषाचाच रस्ता सरळ धरलाय, यावर मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये चांगलीच टीका केली. ज्या मुलीची ओळख लग्नानंतर आडनावापासून बदलायची पद्धत आहे तिच्या गोंधळाला १८ व्या वर्षी कुलूप कसं लागेल?

शिक्षिका होणार आहेस म्हणून आधीची अवस्था मात्र नीट लक्षात ठेव, सहा ते बारा, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. 'मला काहीतरी येतं' हे मुलाला त्या वर्षांत कळावं लागतं, मग ते गणित असेल, रांगोळी असेल नाहीतर सायकलची चेन बसवणं असेल. नववी-दहावीत 'मी कोण' शोधायला बसलेल्या पोराच्या हातात आधीची ही शिदोरी नसेल तर ते शोधणार कशातून? ते तुझ्या वर्गात ठरणार आहे.

पत्र पाचवं

मॅडम मी बार्शीजवळच्या गावातला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहून अकरावी करायलोय. मी 'काय करायलास' म्हणलं की पोरं हसत्यात, माझी नक्कल करत्यात. म्हणून मी त्यांच्यासारखं बोलायला शिकलो. आता गावाकडं गेलो की दोस्त म्हणत्यात लय पुणेरी झालास. आजी पण म्हणाली, बोलणं बदललं तुझं. मला दोन्हीकडं परक्यासारखं वाटतंय. मी नेमका कुठला?
– अकरावीतला एक मुलगा

तुझं पत्र शेवटी ठेवलं कारण तुला एका मुलाची गोष्ट सांगायचीये. तो १९०२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला जन्मला. आई डेन्मार्कची, ज्यू. खरे वडील कोण ते त्याला कधीच कळलं नाही. तो तीन वर्षांचा असताना आईने एका ज्यू डॉक्टरशी लग्न केलं आणि त्याला सांगण्यात आलं हेच तुझे वडील. पोरगा वाढला तो उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. मग काय, ज्यू मंदिरातली मुलं त्याला परक्या जातीचा म्हणून चिडवायची आणि शाळेतली जर्मन मुलं ज्यू म्हणून चिडवायची. दोन्हीकडं परका. शाळा संपल्यावर तो कॉलेजला गेलाच नाही, चित्रं काढत कितीतरी दिवस युरोपात भटकला, पदवी अशी त्याने कधीच घेतली नाही. पुढे व्हिएन्नात लहान मुलांना शिकवताना ॲना फ्रॉईडकडे मानसशास्त्र शिकला, १९३३ मध्ये अमेरिकेत गेला, आणि तिथे नागरिक झाल्यावर त्याने स्वतःचं आडनाव स्वतःच ठरवलं, एरिक्सन. एरिकचा मुलगा एरिक. वरच्या दोन पत्रांत ज्याचं नाव आलं तोच हा माणूस. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा आज सगळ्यांच्या तोंडात असलेला शब्द त्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्याने तो वापरला, कारण त्या सैनिकांना वाटत होतं की युद्धाच्या आधीचा मी आणि आत्ताचा मी यांच्यात काही धागाच उरला नाहीये. नंतर त्याला दिसलं की तरुण मुलांमध्येही असंच काहीसं होतं, फक्त त्यांच्या बाबतीत तो आजार नसून वाढीचा भाग असतो. हाच माणूस १९६२ मध्ये अहमदाबादला आला आणि मग त्याने गांधीजींवर पुस्तक लिहिलं, विलायतेत सूट घालून नाच शिकणारा आणि नंतर पंचा नेसणारा माणूस आतून एकच कसा राहतो हे शोधायला. मला वाटतं तो स्वतःचाच प्रश्न सोडवत होता.

जीन फिनी या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या अल्पसंख्य समाजांतल्या मुलांचा अभ्यास केला, आशियाई, कृष्णवर्णीय, लॅटिन. त्यांना असं दिसलं की आधी मुलं आपल्या समाजाचा, भाषेचा विचारच करत नाहीत, ती असते म्हणून असते. मग एखादी ठेच लागते, कोणीतरी हसतं, आणि प्रश्न सुरू होतात, आम्ही असंच का बोलतो, हे कमी आहे का. आणि जी मुलं त्या प्रश्नांच्या मागे जातात ती हळूहळू आपलं मूळ समजून उमजून स्वतःचं म्हणतात. तू आत्ता मधल्या पायरीवर आहेस. तुझ्याकडे दोन बोली आहेत, पुण्यातली भाषा तू वर्षभरात शिकलास, हसणाऱ्या पोरांना तुझी अजून नीट नक्कलसुद्धा जमत नसेल बघ.

'मी कुठला' याचं उत्तर गावाच्या नावात शोधू नकोस, गोष्टीत शोध. हाबरमास आणि ब्लक या दोन संशोधकांनी २००० साली मांडलं की आपल्या आयुष्याची अखंड गोष्ट सांगायची ताकद किशोरवयातच येते, त्याआधी मुलांकडे सुट्या सुट्या आठवणी असतात. तुला आता ती येतीये. एक वही घे, गाव सोडलास त्या दिवसापासून लिही. बस कितीची होती, आईने डब्यात काय दिलं, पहिल्यांदा कोण हसलं, तू कधी ठरवलंस की बोलणं बदलायचं, आणि कुठल्या गोष्टी तिकडंही तशाच होत्या न् इकडंही तशाच राहिल्या. दोस्तीला जागणं असेल, अभ्यासाला पहाटे उठणं असेल. आजीला फोन कर आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोल. तिचं लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा तिचं बोलणं कसं होतं तेही विचार, तीही कुठून तरी दुसरीकडूनच आलेली असेल.

तुझ्या पत्रातलं 'करायलोय' आणि 'हसत्यात' आमच्या मुद्रितशोधकांनी दुरुस्त केलं होतं. मी ते परत होतं तसं करून घेतलंय.